अंगावर येणारे प्रवेश हवेत, पण रडारड नको

तिसरी_घंटा

नमस्कार मंडळी. आमचा सात जणांचा छोटा गट आहे. नाटक बसवायचं नाही, प्रयोग लावायचा नाही, फक्त दर रविवारी जमून प्रवेश करायचे. दोन पात्रं, दहा मिनिटांच्या आत, नेपथ्य म्हणजे दोन खुर्च्या. या महिन्यात 'मानसिक ताणाचे प्रवेश' असा विषय ठरला आणि तिथेच घोडं अडलं.

गेल्या रविवारी तीन प्रवेश झाले. तिन्हींत आरडाओरडा. एकात नायक जमिनीवर लोळला, एकीने केस मोकळे सोडले, तिसऱ्याने खुर्ची आपटली (खुर्ची माझी होती). तिघेही घामाघूम आणि समोर बसलेले आम्ही चौघं कोरडे ठणठणीत. मात्र मधेच एक गंमत झाली. केस सोडलेली ती मुलगी वाक्य विसरली. तीन-चार सेकंद नुसती खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी. तेवढा वेळ खोलीत कुणी श्वास घेतला नसेल. मग तिला वाक्य आठवलं, ती पुन्हा किंचाळली आणि गेलं सगळं.

ते तीन-चार सेकंद मुद्दाम कसे आणायचे? असे प्रवेश, प्रसंग, व्यायाम, काहीही सुचवा. स्वतः लिहिलेलं असेल तर फारच उत्तम.

प्रॉम्प्टर

प्रश्नातच उत्तर आहे तुमच्या. ती मुलगी त्या क्षणी काहीतरी लपवत होती: वाक्य विसरल्याचं. सगळी ताकद त्यात लागली होती.

प्रत्यक्षात जो माणूस फुटायच्या बेताला आलेला असतो तो फुटू नये म्हणून धडपडत असतो. नट मात्र उलट करतो. संहितेत 'ती रडते' असं वाचलं की रडायच्या मागे लागतो. अहो, ती रडू नये म्हणून काय करते ते करा, रडणं आपोआप गळ्यापर्यंत येईल. नाहीच आलं तरी चालेल, प्रेक्षकाच्या येईल.

नाट्यशास्त्रात आठ सात्त्विक भाव सांगितलेत: स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभेद, वेपथु, वैवर्ण्य, अश्रू, प्रलय. म्हणजे थिजणं, घाम, शहारा, आवाज फाटणं, कंप, रंग उडणं, आसवं आणि शुद्ध हरपणं. आठांत अश्रू एकच, तेही सातव्या नंबरवर. ओरडण्याला जागाच नाही. आणि यादीची सुरुवात थिजण्यापासून आहे. तुमच्या मुलीने नकळत पहिला भाव केला!

ब्लॅकआऊट

प्रॉम्प्टरकाका, आदर आहे, पण हे 'आत दाबा, आत दाबा' प्रकरण ऐकून कंटाळा आलाय. आत दाबून दाबून नट इतके दाबतात की चौथ्या रांगेपलीकडे काही पोचत नाही. मागच्या रांगेतला प्रेक्षक काय दुर्बीण घेऊन येणार? आणि माणसं खऱ्या आयुष्यात ओरडतातच की. माझ्या घरी या एकदा.

ऑडिशनला दोन मिनिटं मिळतात. त्यात मी थिजून दाखवलं तर समोरचे म्हणतील, याला काही येत नाही.

प्रॉम्प्टर

@ब्लॅकआऊट, ओरडू नको असं कुठे म्हटलं? ओरडणं ही पात्राची हार असते. दुसरा कुठलाही मार्ग उरला नाही की माणूस ओरडतो. मग आधीचे मार्ग दाखव की: समजावून पाहिलं, हसण्यावारी नेलं, विषय बदलला, विनवलं. पाचवी पायरी ओरडण्याची. पहिल्या वाक्यालाच पाचवीवर उभा राहिलास तर पुढे कुठे जाशील?

पोचण्याबद्दल एक उदाहरण देतो. शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ'मधला, नवऱ्याला राजाच्या खुनाला भरीस घालणाऱ्या लेडी मॅकबेथचा झोपेत चालण्याचा प्रवेश. ती येण्याआधी वैद्य आणि दासी कुजबुजत उभे असतात. दासीने जे ऐकलंय ते ती सांगायला तयार नाही, कारण साक्षीदार नाही. म्हणजे बाई रंगमंचावर यायच्या आधीच आपण कान टवकारून बसलेलो. मग ती येते आणि काय करते? हात धुते. बस. एरवी छंदात बोलणारी ही बाई इथे गद्यात, तुटक तुटक बोलते. शेक्सपिअरने तिच्या भाषेचाच कणा काढून घेतलाय, नटीने वेगळं वेडं दिसायची गरज उरली नाही. मागच्या रांगेपर्यंत ताण पोचवण्याचं काम कोपऱ्यातले ते दोघं करतात. 'बघणारा' हे फार मोठं हत्यार आहे.

वाचनमात्र

अभिनयातलं काही कळत नाही, फक्त प्रेक्षक म्हणून. रंगमंचावर कुणी रडायला लागलं की मला सुटल्यासारखं वाटतं, की झालं, आता काम त्याचं सुरू झालं, माझं संपलं. चुकत असेन तर सोडून द्या.

प्रॉम्प्टर

@वाचनमात्र, चुकत नाही आहात. माझ्या अख्ख्या प्रतिसादापेक्षा हे नेमकं आहे.

ब्लॅकआऊट

बरं, पायऱ्यांचा मुद्दा मान्य. त्यात माझी भर: वेडसर पात्रं करताना डोळे गरगर फिरवणं आणि उगाच हसणं यावर बंदी हवी. संशयाने पछाडलेला माणूस मी एकदा केला होता. पहिले पंधरा दिवस मी 'संशयी' दिसायचा प्रयत्न करत होतो, नुसता विनोद होत होता. मग डोक्यात आलं की संशयी माणसाला आपण संशयी आहोत असं वाटतच नाही, त्याला वाटतं आपण एकटेच डोळस आहोत. तो पुरावे गोळा करत असतो. चप्पल दाराकडे तोंड करून का ठेवली? दोन कप का विसळले? त्या दिवसापासून मी तो माणूस पोलीस तपास करतोय असा केला. अगदी शांत, मुद्देसूद. लोक घाबरले.

विंगेतली

खूप दिवसांनी लिहितेय. तिसरी_घंटा, तुमच्यासाठी एक प्रवेश देते. माझा आहे, खुशाल वापरा. अडचण अशी योजलीय की एकाला बोलायचंय आणि दुसऱ्याला ते ऐकायचं नाही, पण उठून जाता येत नाही.

*दाढी*

(थोरला खुर्चीत. दोन्ही हात प्लास्टरमध्ये. गळ्याभोवती टॉवेल. धाकटा फेस करतोय. बराच वेळ फक्त ब्रशचा आवाज.)

धाकटा : मान वर कर.
(थोरला मान वर करतो.)
धाकटा : अजून.
थोरला : याच्यावर छत आहे.
(धाकटा हसत नाही. पहिला हात फिरवतो.)
धाकटा : उद्या ते येणार आहेत ना? जबाब घ्यायला?
थोरला : कल्ले बघ. मागच्या वेळी एक वर, एक खाली झाला होता.
धाकटा : दादा, मी काय म्हणत होतो...
थोरला : पाणी गार झालंय.
धाकटा : आत्ता तर आणलं.
थोरला : गार झालंय.
(धाकटा वाटीत बोट बुडवतो. पाणी गरम आहे. तो काही बोलत नाही. वस्तरा गळ्याशी नेतो.)
धाकटा : आता बोलू नकोस. लागेल.
(पॉज.)
धाकटा : किल्ली तू दिली नव्हतीस. मी घेतली होती. तू नको म्हणाला होतास.
(थोरला हलत नाही. वस्तरा गळ्यावर आहे.)
धाकटा : सगळे म्हणतात अंधार होता. नव्हता. ती सायकल मला दिसली होती.
(थोरला डोळे मिटतो.)
धाकटा : आणि तू काय म्हणालास, तर सरक. एवढंच. सरक तिकडे. दोन्ही हात गेले होते तुझे, आणि तू माझ्या जागेवर येऊन बसलास.
(धाकट्याचा हात थरथरतोय. थोरला सावकाश मान मागे घेतो. वस्तऱ्यापासून सुटतो.)
थोरला : हनुवटीखाली राहिलंय.
धाकटा : दादा.
थोरला : हनुवटीखाली. राहिलंय.
(धाकटा पुन्हा फेस लावतो, उरलेली दाढी करतो, टॉवेलने तोंड पुसतो.)
थोरला : आरसा दाखव.
(धाकटा आरसा धरतो.)
थोरला : माझ्याकडे नको. स्वतःकडे धर.
(अंधार.)

तिसरी_घंटा

बाप रे. 'आता बोलू नकोस, लागेल'पाशी मी खरंच गिळायचा थांबलो. या रविवारी हाच करणार.

चष्मिष्ट

शंका. दोन्ही हात मोडलेला माणूस ड्रायव्हरच्या सीटवर सरकलाच कसा? दार उघडलं कुणी?

विंगेतली

@चष्मिष्ट, दार न उघडता आतूनच सरकला. आणि अपघातानंतर लगेच दुखतंच असं नाही, पुष्कळदा हात मोडलाय हे नंतर कळतं. पण थोरला करणाऱ्या नटाने हे 'कसं' स्वतःपुरतं नक्की ठरवावं. संहितेत नसलं तरी अंगात असायला हवं.

ब्लॅकआऊट

प्रवेश जबरी आहे. पण शेवटचं वाक्य काढा. अख्खा प्रवेशभर थोरल्याने कल्ले, पाणी, हनुवटी याच्या पलीकडे एक शब्द जाऊ दिला नाही आणि शेवटी एकदम 'स्वतःकडे धर'? तिथे थोरला गेला आणि लेखिका आली. ते टाळीचं वाक्य आहे. टाळी पडेल, पण दादा मरेल.

विंगेतली

टोचलं. त्याच वाक्यासाठी प्रवेश लिहिला होता खरं तर. एक दिवस द्या.

विंगेतली

बरोबर आहे तुमचं. थोरल्याला भावाला आरसा दाखवायचाच नाहीये, त्याला विषय बंद हवाय. शेवट असा करते:

थोरला : आरसा दाखव.
(धाकटा आरसा धरतो. आरसा हलतोय.)
थोरला : नीट धर.
(अंधार.)

प्रॉम्प्टर

आता जमलं.

तालमीबद्दल दोन गोष्टी. पहिली आणि सक्तीची: पातं काढलेला रेझर वापरा. वस्तरा अजिबात नको, बोथटसुद्धा नको. हात खोटा थरथरता थरथरता खरा थरथरायला वेळ लागत नाही. प्रेक्षकाला धार दिसत नाही, समोरच्या नटाची मान दिसते, तेवढं पुरतं.

दुसरी: आधी चार दिवस संवादांशिवाय नुसती दाढी करा. फेस किती, पाणी कुठे, टॉवेल कुठल्या खांद्यावर. हातांना काम पाठ झालं की संवाद त्या कामात अडथळा म्हणून येतील आणि तीच मजा आहे. रशियन दिग्दर्शक आणि अभिनयशिक्षक स्तानिस्लावस्कीचा प्रवास असाच झाला. सुरुवातीला त्याचा भर भावनिक स्मृतीवर होता, म्हणजे नटाने स्वतःचा जुना अनुभव आठवून ती भावना परत जागी करायची. मूळ कल्पना रिबो नावाच्या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाची. उतारवयात मात्र तो शारीरिक क्रियांकडे वळला. कृती अचूक करा, भावना मागून येईल. 1934 साली अमेरिकन नटी स्टेला अॅडलर पॅरिसमध्ये त्याच्याकडे काही आठवडे शिकली आणि अमेरिकेत परतल्यावर तिने सहकाऱ्यांना सांगितलं की तुम्ही आठवणींवर नको तितका जोर देताय, प्रसंगाची परिस्थिती आणि कल्पनाशक्ती महत्त्वाची. त्याच गटातला दिग्दर्शक ली स्ट्रासबर्ग आठवणींच्या बाजूचा, त्याला ते पटलं नाही. ते भांडण अजून मिटलेलं नाही.

ब्लॅकआऊट

आणि मिटणारही नाही, कारण स्ट्रासबर्गच्या बाजूनेही बोलण्यासारखं आहे. स्वतःचं काही न लावता नुसती दाढी केली तर ती दाढीच होईल. कारागिरी. मला नटाचं रक्त बघायचंय.

मुकाभिनय

रक्तावरून लिहितेय, नाहीतर लिहिणार नव्हते.

एका नाटकात माझ्या वाट्याला वडिलांच्या मृत्यूची बातमी ऐकण्याचा प्रसंग होता. माझे स्वतःचे वडील जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती आणि दिग्दर्शकाला ते ठाऊक होतं. प्रत्येक तालमीला प्रसंगाआधी तो मला बाजूला घ्यायचा. हॉस्पिटलचा वास आठव, म्हणायचा. त्यांच्या हाताची नखं आठव. मी आठवायचे. पहिल्या प्रयोगांना लोक हुंदके देत होते. मलाही भारी वाटलं होतं, खोटं कशाला बोलू?

अकराव्या प्रयोगाला नखं आठवली आणि काहीच झालं नाही. आठवण वापरून वापरून गुळगुळीत झाली होती. रंगमंचावर निभावून नेलं, तंत्र होतंच. पण त्यानंतर घरी कधी बाबांची आठवण आली की मला ते हॉस्पिटलमध्ये दिसेनात, मला दिसायचा तो माझ्यावर पडणारा स्पॉट. अजूनही तसंच होतं. भूमिका संपली, पण ती आठवण मला परत मिळाली नाही.

ब्लॅकआऊट, रक्त बघायची हौस प्रेक्षकाला असू दे. नटाला दिवसाआड पुन्हा तेच करायचं असतं.

ब्लॅकआऊट

माफ करा. फार उथळ लिहिलं मी.

मुकाभिनय

माफी नको हो. तुमच्या वयाची असताना मीही तेच म्हणायचे.

प्रॉम्प्टर

दिदरो या फ्रेंच विचारवंताने अठराव्या शतकात नेमका हाच सवाल टाकला होता: जो नट खरंच भावनेत बुडतो तो पहिल्या प्रयोगाला पेटेल आणि तिसऱ्याला थंडगार पडेल. म्हणून थोर नटाचं डोकं थंड हवं. मला तो पूर्ण पटत नाही, थंड डोक्याचे कंटाळवाणे नट ढिगाने पाहिलेत. पण अकराव्या प्रयोगाचं गणित त्याने बरोबर मांडलंय.

विंगेतली

मुकाभिनय, लिहिलंत ते बरं केलंत.

तिसरी_घंटा, या निमित्ताने: प्रवेशातून बाहेर कसं यायचं हेही तालमीतच ठरवा. आपल्याकडे लोक आत शिरायची तयारी तासभर करतात आणि अंधार झाला की मोबाईल काढतात. सुझाना ब्लॉक या चिलीच्या शास्त्रज्ञ बाईंनी श्वास, चेहरा आणि शरीराची ठेवण या तीन गोष्टींतून भावना उभी करायची पद्धत बसवली. त्यात बाहेर येण्याची कृतीही तितकीच काटेकोर आहे. निदान तीन संथ, खोल, पूर्ण श्वास, मग चेहऱ्याचे स्नायू पूर्ण सैल, मग उभं राहण्याची पद्धत बदलायची. शरीराला 'संपलं' हे सांगावं लागतं, त्याला संहिता वाचता येत नाही.

शिवाय एक 'थांब'चा शब्द ठरवा, जो संवादात कुठेच नाही. 'बस' किंवा 'सोड' नको, ते पात्रही म्हणू शकतं. आम्ही 'भोपळा' ठेवतो. गळ्याशी हत्यार असलेल्या प्रवेशात तर हवाच. तो म्हणणाऱ्याला कारण विचारायचं नाही.

चष्मिष्ट

एखादा नट घाबरून 'भोपळा' म्हणाला आणि प्रेक्षक हसले तर?

विंगेतली

हसू देत.

वाचनमात्र

मला एक प्रसंग सुचला, लिहू का? दोघी मिळून चादर घडी करतायत. चादरीची घडी करताना दर वेळी एकमेकींजवळ जावं लागतं आणि पुन्हा लांब. एकीला काहीतरी कळलंय. ती फक्त जवळ आल्यावर बोलते. दुसरी फक्त लांब गेल्यावर उत्तर देते.

प्रॉम्प्टर

आणि म्हणे 'अभिनयातलं काही कळत नाही'! यात दिग्दर्शनसुद्धा करून ठेवलंय तुम्ही.

ब्लॅकआऊट

चादरवाला मी ढापणार. माझ्याकडून एक: नोकरीची मुलाखत. मुलाखत घेणारीने समोरच्याला ओळखलंय, लहानपणी शाळेत रोज तिला छळणारा हाच. त्याने तिला ओळखलेलं नाही. प्रश्न सगळे नेहमीचेच: 'तुमच्यातला एक दोष सांगा.' तिने शेवटपर्यंत ओळख द्यायची नाही. त्याला कळतं की नाही हे नटांनी आपसात ठरवावं, आम्हाला सांगू नये.

मुकाभिनय

गटात मुली असतील तर स्वीडिश नाटककार स्ट्रिंडबर्गची 'द स्ट्राँगर' ही छोटी एकांकिका जरूर करा. दोघी जणी, एक सलग बोलते, दुसरी शेवटपर्यंत एक अक्षर बोलत नाही. मग आळीपाळीने भूमिका बदला. गप्प राहणारी भूमिका सोपी म्हणून सगळ्या मागतात आणि पाच मिनिटांत कळतं की हात कुठे ठेवायचे तेच माहीत नाही. ऐकणं हेच काम आहे. समोरचीच्या एखाद्या वाक्याने हसू आलं तर ते दाबायचं की येऊ द्यायचं, एवढ्या एका निर्णयावर कोण वरचढ ते फिरतं.

आणि एक कळकळीचं: बायकांच्या ताणाच्या प्रवेशांत दर वेळी तिच्यावर अन्याय झालेलाच का असतो? तिलाही काहीतरी वाईट करू द्या की. विंगेतली, 'दाढी' दोन बहिणींचा करता येईल का? दाढीऐवजी वेणी घालायची. मान तशीच हातात असते.

विंगेतली

वेणी!! आजच लिहायला बसते. वेणीत केस ओढताही येतात.

तिसरी_घंटा

मंडळी, तीन आठवडे गायब होतो, माफी. अहवाल देतो.

'दाढी' केला. पहिल्या रविवारी पडला. धाकटा करणारा 'मला दिसली होती'ला ढसढसा रडला. वाचनमात्र म्हणाले तस्संच झालं, आम्ही सगळे सुटलो. थोरल्यालाही काही करायला उरलं नाही, तो बिचारा फेस लावून नुसता बसून होता.

दुसऱ्या रविवारी धाकट्याला भावनेबद्दल काहीच सांगितलं नाही. फक्त म्हटलं, त्याच्या शर्टावर फेसाचा एक थेंब पडता कामा नये. तेवढं सांभाळ. पठ्ठ्या सगळा प्रवेश थेंब सांभाळत होता. 'मला दिसली होती' म्हणताना त्याचं लक्ष एका ओघळाकडे होतं, तो त्याने बोटाने टिपला आणि मग वाक्य पुरं केलं. केस सोडणारी आमची मुलगी उठून खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. 'भोपळा' कुणी म्हटलं नाही, पण तो शब्द आहे म्हणून थोरल्याने मान पूर्ण मागे टाकली, हे त्याने नंतर सांगितलं. तीन श्वासही घेतले, आधी हसत, मग नीट.

आता खरा प्रश्न विंगेतलींना. तिसऱ्या रविवारी गडबडीत वाटीत गारच पाणी भरलं गेलं. थोरला म्हणाला, 'गार झालंय.' धाकट्याने बोट बुडवलं, गडबडला, आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, 'हो. गार झालंय.' तुमच्या संहितेत पाणी गरम आहे आणि तो गप्प राहतो. पण त्या 'हो'नंतर दोघांत काहीतरी वेगळंच झालं, पुढचा सगळा प्रवेश हळू आवाजात गेला. गार पाणी ठेवू का?

विंगेतली

नको. पाणी गरमच हवं. 'हो' ठेवा.